टँकवरची लेडीज बॅच

आमच्या घरच्या ग्रुपवर वहिनीनं फोटो टाकला. डोक्याला रबरी टोपी, गुडघ्यापर्यंतचा कॉश्च्यूम, मागे सांगलीच्या टँकचं निळं पाणी आणि शेजारी लेडीज बॅचमधल्या आणखी चौघी. वय वर्षं 57. खाली चुलतभावानं लिहिलं, "वहिनी, या वयात? तिकडच्या बायकांची हवा लागली की!" त्याखाली आत्यानं हात जोडलेले. का जोडले, देव जाणे.

तिकडच्या म्हणजे माझ्या इकडच्या. बावीस वर्षं मी इंग्लंडमध्ये, लीड्सला आहे. मेसेज वाचला तेव्हा बसमध्ये होते, आणि त्याला उत्तर लिहिता लिहिता माझा स्टॉप गेला.

तिकडची बाई म्हणजे काय, हे या गृहस्थाला मोबाइलवरच्या मालिकांतून कळलेलं. माझ्या भिंतीपलीकडे एक खरीखुरी राहते. तीही 57 चीच. सकाळी साडेसहाला तिची किटली लागते ती मला इकडे ऐकू येते. यॉर्कशायर टी, दूध मागाहून, साखर नाही. टोस्टवर मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळा खारट लेप. मी एकदा चाखलं होतं. करपलेल्या पिठल्याची खरवड मिठात कालवल्यासारखं लागतं. अर्धा दिवस ती डॉक्टरच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. दुपारी बीबीसीचा रेडिओ फोर, त्यावर 1951 सालापासून न संपलेली ती खेडेगावातली मालिका. शनिवारी पार्करन, म्हणजे बागेत सगळ्यांनी मिळून पाच किलोमीटर धावायचं. ही धावत नाही, चालते, बहुधा सगळ्यांच्या शेवटी पोचते आणि पोचल्यावर केक खाते. कार्डिगन चॅरिटी शॉपमधून आणते आणि चार पौंडांत कसं मिळालं ते मला कौतुकानं सांगते. आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला घालून पातेलं घेतात. दुसऱ्याचं उतरलेलं पैसे देऊन अंगावर घालायचं, हे माझ्या पचनी अजून पडलेलं नाही. तिला तसं बोलले नाही.

आणि ती पोहते. इल्कलीला, वॉर्फ नदीत, ऑक्टोबरातसुद्धा. बाहेर आली की तो घोंगडीएवढा कोट पांघरून थर्मासमधला चहा पिते. या वयात, असं तिला कोणी म्हणत नाही. हे मी चुलतभावाला ठणकावून लिहिलं. एक गोष्ट मात्र लिहिली नाही. वॉर्फचा तो पट्टा 2020 साली पोहण्यासाठी अधिकृत ठरला, इंग्लंडमधली ती पहिली नदी, आणि पुढे पाणी तपासलं तर ओळीनं 'वाईट' असा शेरा. गटाराचं पाणी येतं. तेवढं वगळलं. भांडणात सगळंच सांगायचं नसतं.

पन्नाशीला सांगलीत बाईचं काय होतं ते मी सुट्टीवर आल्यावर पाहिलंय. वहिनीची पाळी जायच्या सुमारास तिला रात्री दरदरून घाम यायचा, फॅन पाचवर, दादा चादर ओढून वैतागलेला. "चिडचिडी झालीय हल्ली," यापलीकडे घरात त्याला नाव नव्हतं. इथे शेजारीण बस स्टॉपवर उभी राहून एचआरटीच्या, म्हणजे पाळी जातानाच्या त्रासावरच्या हार्मोनच्या, पॅचबद्दल बोलते, आवाज न उतरवता. 2023 पासून त्याला वर्षाला वीसेक पौंड पुरतात. पन्नाशी उलटल्यावर मॅमोग्रामचं, म्हणजे स्तनांच्या तपासणीचं, पत्र घरी येतं, तपासणीची व्हॅन सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभी असते. मी ब्रेड आणायला जाते तशी तपासून आले. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "काही होत नसताना कशाला?"

मला पहिल्यांदा 'काकू' म्हणणारा मिरज स्टेशनवरचा रिक्षावाला होता. मी 34 वर्षांची होते. इथे बसचा ड्रायव्हर मला 'लव' म्हणतो, पुढच्या शाळकरी पोरीलाही लव, मागच्या काठी टेकत चढणाऱ्या आजीलाही लव. त्यात माया काही नसते, पण वयही मोजलेलं नसतं. हेही मी लिहिलं. एव्हाना माझं उत्तर पाच मेसेज लांब झालं होतं.

त्यावर त्याचं एकच वाक्य आलं: "आई-बापाला होममध्ये टाकून पोहायला वेळ मिळणारच."

लागलं. कारण शेजारणीची आई खरंच होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, आहे. तिला विसरण्याचा आजार आहे, होमच्या खर्चासाठी तिचं घर विकावं लागलं. ती आई साठीला पेन्शन घेऊन मोकळी झाली होती. लेकीला 67 पर्यंत थांबायचंय. बुधवारी आणि रविवारी शेजारीण जाते, आईची नखं कापते, केस विंचरते, ओळख पटली नाही तरी तासभर बसते. हे मी तिखट मीठ लावून लिहायला घेतलं. आठवड्यातून दोनदा, स्वतःच्या हातांनी, असं टाइप केलं आणि थांबले.

माझी आई 84 वर्षांची आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला आंघोळीला धरावं लागतं. मी रविवारी व्हिडिओ कॉल करते. तिला धरते ती वहिनी. सकाळची बॅच सहाची, कारण सातला आईचा चहा आणि गोळ्या. ती टोपी, तो कॉश्च्यूम, ते निळं पाणी, सगळं त्या पाऊण तासातलं.

मेसेज पुसला. तोवर वहिनीचा फोन आला.

"अगं, बास कर. तू तिकडून बोलतेस आणि ऐकावं मला लागतं. रात्री जेवताना सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते." मग हसली. "आणि तुझ्या त्या शेजारणीचं मला कशाला सांगतेस? पाठीला डबा बांधून मी सातव्या वर्षी कृष्णेत पडलेय. माझ्या आईनंच ढकललं होतं. लग्नानंतर बंद झालं, एवढंच."

'अगं' हा शब्द मी समोरासमोर शेवटचा कधी ऐकला, ते मला आठवेना. शेजारीण किल्ली माझ्याकडे ठेवते, माझे कचऱ्याचे डबे बाहेर काढते, आणि बावीस वर्षांत मी तिच्या स्वयंपाकघरापुढे गेलेली नाही. तिला मी कोण वाटते, हे विचारायचं धाडस झालं नाही. सांगलीत गेले की मी लीड्सची असते. इथे कोणी भारताबद्दल वाकडं बोललं की मी सांगलीची होते आणि आपल्याकडे माणसं कशी सांभाळतात ते तावातावानं सांगते. कोण सांभाळतं, ते कोणी विचारत नाही.

वहिनीनं फोन ठेवता ठेवता म्हटलं, "मे महिन्यात ये. महिनाभर राहा. बॅचच्या बायका गणपतीपुळ्याला चालल्यात, आठ दिवस. मला जायचंय. आईंना तू बघ."

चुलतभावाला पाच मेसेज लिहायला मला वीस मिनिटं लागली होती. वहिनीला आठवडा झाला, उत्तर दिलेलं नाही. यंदाच्या रजेतले नऊ दिवस उरलेत, आणि त्यातले चार शेजारणीबरोबर इथल्याच समुद्रकाठी, व्हिटबीला जायचे म्हणून मी आधीच मागून ठेवलेत.