पुन्हा रिबेस! म्हणजे आपला कोड परत नव्या आवृत्तीवर बसवणं.

लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मुख्य ट्रीबाहेर, म्हणजे अधिकृत कोडबाहेर, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) सांभाळायचा म्हणजे दर ९-१० आठवड्यांनी तेच रडगाणं. नवी आवृत्ती आली की कुठल्यातरी फंक्शनचं आर्ग्युमेंट गायब, आणि आपलं बिल्ड आडवं. आतला एपीआय (कर्नलची फंक्शन्स वापरायची ठरलेली पद्धत) स्थिर ठेवणार नाही, हे कर्नलवाले उघड सांगतात, भांडायचं कुणाशी?

'मग मुख्य ट्रीमध्येच घाला ना!' अहो, तेच तर चाललंय! पॅच (कोडमधला बदल) पाठवला की आधी टॅब-स्पेसवरून बोलणी, मग 'तुकडे करून पाठवा', मग चिडीचूप. तेवढ्यात २ आठवड्यांची मर्ज विंडो, म्हणजे आधीच तयार असलेले बदल मुख्य ट्रीत घ्यायचा काळ. तेव्हा नव्या पॅचला विचारतो कोण? ती संपली की आरसी-१ (नव्या आवृत्तीची पहिली चाचणी-प्रत), पुन्हा रिबेस, पुन्हा कॉन्फ्लिक्ट (एकाच जागच्या दोन बदलांची टक्कर). आणि कॉन्फ्लिक्ट कशात? तर कुणीतरी कमेंटमधलं स्पेलिंग सुधारलंय. त्याचा पॅच मात्र लग्गेच घेतला!