सियालकोटची रॅकेट माझ्या भिंतीवर का आहे

‘बेसलाइनवरून’ या नावाने लिहिणारे वाचक, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमचा एक मुद्दा बिनतोड आहे आणि एक अर्धा खरा. म्हणून उत्तराला चार दिवस लागले. बाकीच्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, भारतीय टेनिसच्या इतिहासावरच्या माझ्या लेखात लीला राव यांच्याबद्दल ढोबळ चूक आहे. दोन, ‘भारतीय रॅकेट’ म्हणून मी जिचा फोटो टाकला ती सियालकोटची, म्हणजे पाकिस्तानी. तीन, जुन्या रॅकेटला पॉलिश मारून मी तिची वाट लावली. आणि शेवटी, हा सगळा ‘रिकामटेकड्यांचा भंगार गोळा करायचा उद्योग’ आहे, कारण इतिहास आता नेटवर बसल्या जागी मिळतो.

लीला राव यांच्याबद्दल तुमचंच बरोबर आहे. ‘विंबल्डनमध्ये खेळलेली पहिली भारतीय स्त्री’ असं मी लिहून गेलो. जेनी सँडिसन त्यांच्या पाच वर्षं आधी, 1929 मध्ये तिथे खेळल्या होत्या. लीला राव यांचा मान वेगळा आहे: विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. 1934 मध्ये त्यांनी ग्लॅडिस साउथवेलला 4-6, 10-8, 6-2 असं हरवलं. लेखात दुरुस्ती केली आहे. पण माझ्या चुकीच्या गडबडीत एक गोष्ट तुमच्याकडूनही निसटली. लीलाबाईंची आई म्हणजे पंडिता क्षमा राव, संस्कृतातून सत्याग्रहावर काव्य लिहिणाऱ्या आणि स्वतः टेनिस खेळणाऱ्या. आणि क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, ज्यांच्या देखरेखीखाली तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश आवृत्ती निघाली. गाथेचे पाठभेद ताडून पाहणाऱ्या माणसाची नात विंबल्डनच्या हिरवळीवर दुसरा सेट 10-8 ने खेचून घेते! मराठी घरात ही गोष्ट सांगायला हवी की नको? मी सांगायला गेलो आणि पहिल्याच वाक्यात माती खाल्ली, हे खरं.

आता सियालकोट. इथे मी मागे हटणार नाही.

ती रॅकेट मला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाली. रविवार होता. एका ताडपत्रीवर कुलपं, पितळी नळ आणि रेडिओच्या नॉब्समध्ये ती पडली होती. गट, म्हणजे जाळीच्या आतड्याच्या तारा, सगळे तुटलेले, दोन-चार लोंबत होत्या. फ्रेम अशी पिळवटलेली की टेबलावर ठेवली तर एका बाजूने पापडासारखी उचललेली राहते. विकणारा म्हणाला, ‘साहेब, शोपीस आहे.’ मी आधी गळ्यापाशी बघितलं. लाकडी रॅकेटचा जन्मदाखला तिथे असतो, जिथे फ्रेमच्या दोन्ही बाजू दांड्याला येऊन मिळतात त्या पाचरीवर. वरची ओळ, बहुधा कारखान्याचं नाव, घामाने आणि हाताने घासून गेली आहे. खालची ओळ बॅटरीचा उजेड तिरका पाडला की वाचता येते. इंग्रजी अक्षरांत आहे: ‘सियालकोट, इंडिया’.

तुमच्या आक्षेपाचं उत्तर त्या दोन शब्दांत आहे. ऑगस्ट 1947 नंतर सियालकोटमधला कुठला कारखानदार असा ठसा मारणार? आता दुसरी बाजू बघा. दांड्याला चामड्याची ग्रिप आहे आणि ती मूळचीच आहे, कारण तिच्याखालचं लाकूड गुळगुळीत आहे. त्याहून जुन्या काळच्या रॅकेटना चामडं नसायचं, हात घसरू नये म्हणून दांड्याच्या लाकडातच बारीक खाचा पाडलेल्या असत. शिवाय फ्रेम एकाच पट्टीची वाकवलेली नाही. माथ्यावर कडेने बघितलं तर पातळ पट्ट्यांचे पाच थर मोजता येतात, मधला तेवढा गडद. चामडं आणि थर दोन्ही एकत्र दिसले की मी 1930 च्या मागे जात नाही. म्हणजे रॅकेट 1930 ते 1947 मधली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन 388 ग्रॅम भरलं, तेही गटाशिवाय. (बायकोने तो काटा नंतर दोनदा पुसला.)

तेव्हा तुम्ही म्हणता त्या सीमेचं काय करायचं? भारत डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांच्या संघांची टेनिस स्पर्धा, पहिल्यांदा खेळला 1921 मध्ये. पॅरिसला फ्रान्सला 4-1 ने हरवलं, मग शिकागोत जपानकडून 5-0 असा सपाटून मार खाल्ला. त्या संघातले मोहम्मद सलीम लाहोरचे वकील. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीत याच सलीमांची जोडीदार होती मुंबईची: लेडी मेहरबाई टाटा, साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या. या जोडीतला अर्धा भाग तुम्ही कुठल्या देशाच्या खात्यात टाकणार? ज्यांनी 1990 मध्ये पोरसवदा लिअँडर पेसला डेव्हिस कपमध्ये उतरवलं ते कर्णधार नरेश कुमार, तेही जन्मले लाहोरलाच. आणि फाळणीनंतर सियालकोटचे किती कारागीर आणि व्यापारी हातातलं काम घेऊन जालंधरला आणि मेरठला आले! तुम्ही शाळेत ज्या भारतीय रॅकेटने खेळलात ती याच हातांच्या पुढच्या पिढीची असण्याची शक्यता दाट आहे. माझ्या भिंतीवर सियालकोट आणि जालंधर शेजारी-शेजारी टांगलेत. कोणती कुठली, हे पाहुण्यांना ठसा वाचल्याशिवाय आजवर ओळखता आलेलं नाही.

पॉलिशचा आक्षेप अर्धा खरा आहे, तो असा. फोटोतली सियालकोटची रॅकेट पॉलिश केलेली नाही. ती चमक जुन्याच वार्निशची आहे, फडक्याने कोरडी पुसलेली. पण सुरुवातीच्या काळात मी याहून वाईट उद्योग केलेत. डनलॉपची एक मॅक्सप्लाय रॅकेट मिळाली होती, काचपेपरने घासली, जवसाचं तेल चोळलं, वर लाखेचं पॉलिश. आरशासारखी झाली. आणि गळ्यावरचं मूळ चित्र-अक्षरांचं स्टिकर काचपेपरबरोबर गेलं. कोणत्या वर्षाची ते कळायचा एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने केराच्या टोपलीत टाकला. ती रॅकेट अजून ठेवली आहे, कपाटात, भिंतीवर नाही.

राहिलं नेट. डेव्हिस कपचे निकाल नेटवर आहेत, नाही कोण म्हणतं? 1974 मध्ये भारताने सोव्हिएत संघाला 3-1 ने हरवून अंतिम फेरी गाठली आणि मग वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला, एवढं दोन मिनिटांत सापडतं. सोव्हिएत संघाशी ती लढत पुण्यात झाली, हेही सापडतं. पण त्या लढतीचं एक तिकीट मी किती वर्षं शोधतोय! आमचे मामा बघायला गेले होते. त्यांना स्कोअर आठवत नाही, आपण कोणाच्या सायकलवर डबलसीट गेलो ते आठवतं. तिकीट त्यांनी परतताना भेळेच्या कागदाबरोबर टाकलं.

किंवा गटिंगचं, म्हणजे रॅकेटला तारा ओढण्याचं, घ्या. कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या गटिंगवाल्याकडे मी तीन दुपारी बसलो होतो. मशीन नव्हतं तेव्हा तार हाताने ओढायची, भोकात आरी ठोकून अडवायची, मग पुढची. ताण किती, ते बोटाने टिचकी मारून आवाजावर ठरवायचं. पावसाळ्यात आतड्याचा गट ओल धरायचा आणि पटापट तुटायचा, म्हणून जुलै-ऑगस्ट हा त्याचा सुगीचा काळ. त्याचे वडील एका जिमखान्यात मार्कर होते. मार्कर म्हणजे पगारावर ठेवलेला खेळाडू: मेंबरला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं, शिकवायचं, आणि शक्यतो जिंकायचं नाही. तुम्ही टेनिसला ‘साहेबांचा खेळ’ म्हटलंय. खेळ साहेबांचा होता हे कबूल, पण कोर्टावर सगळ्यात जास्त तास उभा असायचा तो मार्कर. त्याचं नाव कुठल्याही फलकावर नसतं, असलंच तर पगाराच्या रजिस्टरमध्ये. अशा रजिस्टरांच्या शोधात मी एका जुन्या क्लबात गेलो, तर उत्तर मिळालं, ‘गेल्या दिवाळीत रद्दीवाल्याला दिली, सहा पोती निघाली.’ ती पोती नेटवर चढलेली नाहीत. म्हणून माझ्यासारखे रिकामटेकडे रद्दीवाल्याच्या मागे फिरतात.

तुमच्या प्रतिक्रियेची शेवटची ओळ मात्र मी सगळ्यात जास्त वेळा वाचली: ‘माझ्याही माळ्यावर दोन लाकडी पडल्यात, वडिलांच्या, या महिन्यात भंगारात देणार आहे.’ एवढं करू नका. त्या लाकडी प्रेसमध्ये, म्हणजे फ्रेम वाकू नये म्हणून लावायच्या चौकटीत असतील, चार कोपऱ्यांत चार स्क्रू असलेल्या, तर स्क्रू पिळू नका आणि सोडवूही नका, आहेत तशा खाली काढा. ओलं फडकं लावू नका. गळ्यापाशी उजेड तिरका धरून दोन्ही बाजूंचा एकेक फोटो काढा, एक दांड्याच्या टोकाचा, आणि माझ्या पत्त्यावर पाठवा. वडील कुठल्या क्लबात खेळायचे तेही लिहा, आणि तिथल्या मार्करचं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं असेल, तर ते आधी लिहा.