फॉर्म बी आहे, पाणी नाही

आमच्या सोसायटीच्या फायलीत जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला, व्यवस्थित लागलाय. एजन्सीचा शिक्का आहे, लायसन्स नंबर आहे, यंत्रणा सुस्थितीत असल्याचा निर्वाळा आहे. आणि अकराव्या मजल्यावरचा हायड्रंट, म्हणजे आगीसाठी ठेवलेला पाण्याचा नळ, उघडला की आधी फुसफुस हवा येते, मग तांब्याभर गंजाचं लाल पाणी, आणि मग काहीही नाही. मी स्वतः व्हॉल्व्ह फिरवून बघितलाय. खाली पंपरूममध्ये पाइपातला दाब टिकवणाऱ्या छोट्या जॉकी पंपाचा स्विच बंद करून ठेवलेला, कारण पाइपात कुठंतरी गळती आहे आणि पंप रात्रभर चालू-बंद होत राहतो, लोकांची झोपमोड होते. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. मजल्यावरच्या लाल पेट्यांमधले पितळेचे नोझल भंगारात गेलेत आणि होजपाइप घडीवरच चिरलेत. ही म्हणे सुस्थिती!

एजन्सीच्या माणसाला विचारलं, पंप न बघता सही कशी करता? तर म्हणाला, "मॅडम, सर्टिफिकेट संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, पंपाचं नंतर बघू. सगळीकडे असंच चालतं." तो आला होता तो फक्त आग विझवायच्या सिलिंडरवर नवं स्टिकर चिकटवायला. जुन्या स्टिकरवरच नवं चिकटवलं. दाबाचा काटा लाल पट्ट्यात होता, तो तिथंच राहिला.

बरं, कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, त्याचे नियम २००९ चे. दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून दाखला अग्निशमन दलाकडे द्यायचा, ही मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची जबाबदारी. अधिकाऱ्याला जागेवर येऊन तपासणी करता येते, नोटीस देता येते, वीज-पाणी तोडता येतं, इमारत रिकामी करायला लावता येते, खटला भरता येतो. कायदा लेचापेचा नाहीये हो. पण एजन्सीचं बिल कोण देतं? ज्याची तपासणी आहे तोच. चार कोटेशनं मागवायची आणि सगळ्यात स्वस्त असेल त्याला काम द्यायचं. जो खरोखर व्हॉल्व्ह उघडेल आणि नापास म्हणेल, त्याला पुढच्या जानेवारीत कोण बोलावणार? मेख इथं आहे, आणि ती मंत्रालयापासून वॉर्ड ऑफिसपर्यंत प्रत्येकाला माहीत आहे.

मी अग्निशमन दलाच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेले. काउंटरवरच्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाले, "तुमचा फॉर्म बी तर जमा आहे. मग तक्रार कसली?" अहो, तीच तर तक्रार आहे! तो कागद खोटा आहे म्हणून मी आलेय. या, बघा, माझ्यासमोर पाणी सोडून दाखवा. त्यावर उत्तर काय, तर माणसं कमी आहेत, आणि सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवांच्या सहीने अर्ज आणा. ज्या कमिटीने तो दाखला घेतला, तिच्याच सचिवाची सही मी आणायची!

एक सांगते, आगीत उतरणाऱ्या जवानांबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या सप्ताहात आमच्याकडेही बॅनर लागतो, शाळेतल्या मुलांना सिलिंडर कसा उडवायचा ते दाखवतात. पण उद्या इथं आग लागली तर होजपाइप खांद्यावर घेऊन अकरा जिने तो जवानच चढणार आहे आणि वरच्या व्हॉल्व्हला पाणी नाही हे त्याला तिथं पोचल्यावर कळणार आहे. त्याच्या जिवाशीही हा खेळ चाललाय, आणि तो त्याच्याच खात्याच्या टेबलावरून.

जानेवारी २०२२ मध्ये ताडदेवच्या वीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर आग लागली, माणसं मेली, आणि मग समजलं की इमारतीतली यंत्रणा चालतच नव्हती. मग समजलं! दर वेळी मगच कसं समजतं? ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुप, एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये अहमदनगर. तीनही ठिकाणी रुग्णालयच. ऑडिटं झाली असतील, मी नाही म्हणत नाही. कागद सगळीकडे भरले गेले असतील. पण बेडवर नळ्या लावून पडलेल्या माणसाला कागदाने बाहेर काढता येत नाही. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलमध्ये १४ जण गेले, त्यातले कितीतरी स्वच्छतागृहात गुदमरून. लगेच शेकडो बेकायदा बांधकामांवर हातोडा पडला. म्हणजे कुठं काय बेकायदा आहे ते आदल्या दिवशीही माहीत होतं ना? २०२५ च्या डिसेंबरात गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये २५ जण गेले, बहुतेक तिथलेच राबणारे कामगार. पुन्हा नोटिसा, पुन्हा सील, पुन्हा बैठका. बैल गेल्यावर झोपा करण्यातही यांना सातत्य नाही. तीन महिन्यांत सील निघतं.

आणि जो माणूस खरंच नियमाने वागायला जातो त्याचे हाल कुत्रा खात नाही. आमच्या ओळखीतले एक काका खानावळ चालवतात. गॅसच्या टाक्या स्वखर्चाने बाहेर जाळीत हलवल्या, मागचं बंद केलेलं दार उघडलं, वायरिंग नवीन केलं. तरी अग्निशमन दलाच्या ना हरकत दाखल्याची फाइल अडकून पडलीय, कारण जुन्या इमारतीचा मंजूर नकाशा घरमालकाकडेच नाही. दाखला नाही म्हणून परवान्याचं नूतनीकरण नाही. मग एजंट येतो आणि सांगतो, काका, एवढं एवढं द्या, नकाशाचं मी बघतो. त्याच रस्त्यावर एका गच्चीवर बांबू आणि ताडपत्रीचं छत घालून हॉटेल जोरात चालू आहे, वर जायला एकच अरुंद जिना. त्याची फाइल कशी काय पास झाली? काकांनी पैसे भिंतीत आणि तारांमध्ये घातले, टेबलाखाली नाही घातले, हाच त्यांचा गुन्हा.

ज्यांना कुठलाच फॉर्म लागू होत नाही त्यांच्याकडे तर कुणी फिरकतही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली. दुकानातच झोपणारं चौघांचं कुटुंब संपलं, त्यात दोन मुलं. शटर खाली, बाहेर पडायला दुसरी वाट नाही. अशी दुकानं प्रत्येक पेठेत आहेत, प्रत्येक कॉलनीत आहेत. दुकानाच्या पाटीवरचा कर वसूल करायला माणूस येतो. आत पोटमाळ्यावर कोण झोपतं हे विचारायला येत नाही.

आमचे रहिवासीही काही कमी नाहीत. जिन्यात चपलांचे स्टँड, सायकली, जुनी गादी. विजेच्या डक्टमध्ये रंगाचे डबे आणि रद्दी. गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गेटवर. बंब वळायला जी जागा ठेवली होती तिथं पिवळे पट्टे मारून पार्किंग विकलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावात पार्किंगमधल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला आणि सात जण गेले, तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी मी जिना मोकळा करा म्हटलं, तर "तुम्हाला काही कामं नाहीत का?" नवव्या मजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे लिफ्टशिवाय हलता येत नाही. आगीत लिफ्ट वापरायची नसते. त्या गादीवरून त्यांना उचलून कोण नेणार आहे, ते एकाने तरी सांगावं.

आता मला फॉर्म बी नकोय. एजन्सी सोसायटीने निवडायची नाही, महापालिकेने नेमून द्यायची आणि पैसेही तिथंच भरायचे. सगळ्यात वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह रहिवाशांसमोर उघडायचा, किती दाब आला तो आकडा आणि तारीख लिफ्टशेजारी लावायची. नापास असेल तर नापास लिहायचं, लाल अक्षरांत. आणि ज्या लायसन्सवर खोटी सही झाली ते लायसन्स माणूस मरायच्या आधी रद्द करायचं. येत्या सर्वसाधारण सभेत मी हेच मांडणार आहे, आणि सभा पंपरूमसमोर घ्या अशी लेखी मागणी दिली आहे. ज्यांनी फॉर्म बी घेतला त्यांनी तिथं पंप चालू करून दाखवावा.