गुळाच्या खड्यानं फुफ्फुस साफ होत नाही

गुऱ्हाळं पेटली की निपाणी-चिकोडीकडच्या ग्रुपांवर तोच मेसेज परत फिरतो: 'धुळीत काम करताय? रोज गूळ खा. फुफ्फुसातली धूळ ओढून पोटात नेतो. लखनौच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, म्हणून तर कारखान्यात गूळ वाटतात.'

'धूळ ओढून नेतो'. कुठल्या वाटेनं? गूळ अन्ननलिकेतून उतरतो, धूळ श्वासनलिकेतून. श्वासनळीतला कफ आणि बारीक केस धूळ वर ढकलतात, ती आपण गिळतो किंवा थुंकतो. हे गुळाशिवायही चालूच असतं आणि तेही जाडसर कणांपुरतं.

घोळ आहे तो बारीक कणांचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतीव माल निवल्यावर साचा फोडतात, तेव्हा कोरड्या वाळूचा धुरळा उठतो. दिसणारे कण तोंडावरच्या रुमालात अडकतात, वाळूतली न दिसणारी सिलिका फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत उतरते. तिथल्या भक्षक पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी आतून फुटते आणि मरता मरता इंटरल्युकिन-१ सारखी रसायनं सोडते. त्यासरशी आणखी पेशी गोळा होतात, सूज चढते. मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते, की पुन्हा तेच. वर्षानुवर्षं असं चाललं की फुफ्फुसात वण धरतो. हाच सिलिकोसिस, आणि तो वण भरून येत नाही. वखारीतली तंबाखूची धूळ, फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर (आणि हो, गुऱ्हाळाच्या चुलवाणाचाही) मुख्यतः श्वासनळीचं अस्तर सुजवतात. कफ वाढतो, दम लागतो.

लखनौचा अभ्यास खरा आहे, १९९४ चा. पण तो उंदरांवरचा. गूळ दिलेल्या उंदरांत कोळशाचे कण फुफ्फुसातून जवळच्या लसिका ग्रंथींत (अंगातल्याच गाळणीसारख्या गाठींत) जास्त सरकले. पोटात नव्हे, अंगाबाहेर तर नव्हेच. फुफ्फुसाची इजा कमी दिसली, हेही त्यात आहे; तेवढं मेसेजवाल्यांना देऊन टाकू. त्यावरून माणसाची वीस वर्षांची धूळ निघते असं होत नाही.

'कारखान्यात वाटतात' यातून एवढंच कळतं, की धूळ खेचणाऱ्या यंत्रापेक्षा गुळाची ढेप स्वस्त पडते.

'घसा मोकळा होतो की ओ,' असं फाउंड्रीत साचे करणारे मोल्डिंगवाले म्हणतात. होणारच, गोडानं लाळ सुटते. पण खोकला हटत नसेल तर एक्स-रे काढताना डॉक्टरांना आपलं काम काय ते आधी सांगा, नाहीतर सिलिकोसिसला टीबी समजून औषधं सुरू होतात. कायद्याप्रमाणे हा आजार डॉक्टरांनी कळवायलाच लागतो.