फॉरमॅट न मारता

देवगडाकडे संगणकाला कोणतेही दुखणे झाले, तरी त्यावर एकच औषध सांगितले जाते आणि ते म्हणजे फॉरमॅट, अर्थात डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे. बाजारातल्या दुरुस्तीवाल्या मुलाने आमचा संगणक उघडण्यापूर्वीच निकाल दिला, "काका, फॉरमॅट मारूकच व्हया." त्याच्या लेखी ते अर्ध्या तासाचे काम होते. माझ्या लेखी त्या संगणकात हापूसच्या पेट्यांचे अनेक हंगामांचे हिशेब होते, मराठी फॉन्ट होते आणि पुष्कळ मनधरणीनंतर एकदाचा चालू लागलेला प्रिंटर होता. हिशेबांची प्रत काढून ठेवता येते. प्रिंटरच्या मर्जीची येत नाही.

मूळ प्रकरण किरकोळ होते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क, बसली होती, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागी होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, कारभार अजून आयडीई मोडवरच चालला होता. डिस्कशी बोलण्याची आयडीई ही १९८०च्या दशकातली पद्धत, तर एएचसीआय २००४ मधली. एएचसीआयमध्ये डिस्कला एका वेळी ३२ आज्ञा देऊन ठेवता येतात आणि त्यांचा क्रम ती आपल्या सोयीने लावते. आयडीईत एक काम उरकल्याशिवाय दुसरे सांगायचे नसते. (आमच्या घरात माझ्याबाबतीत ३२ आज्ञांची पद्धत २००४ च्या कितीतरी आधीपासून अमलात आहे.)

मोड आयडीईवरून एएचसीआयवर नुसता बदलला, तर विंडोज निळ्या पडद्यावर दुर्मुखलेला चेहरा काढून 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे सांगते आणि हात वर करते, कारण स्थापनेच्या वेळी डिस्क सांभाळणारा जो कंट्रोलर समोर होता त्याचाच ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, ती आरंभी जागा करते आणि बाकीच्यांना निजवून ठेवते. सेफ मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी किमान सामानावर सुरू होताना, मात्र ती मूलभूत ड्रायव्हरांना पुन्हा हाक मारते आणि त्या गडबडीत एएचसीआयचाही जागा होतो. म्हणून आधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच खिडकीत सेफ बूटवर खूण करायची, संगणक पुन्हा सुरू होताना थेट बायोसमध्ये शिरून मोड बदलायचा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडली की ती खूण काढायची आणि पुन्हा एकदा रीस्टार्ट करायचे. डिस्कला कुलूप घालणारा बिटलॉकर चालू असेल, तर तो आधी स्थगित करावा, नाहीतर ४८ अंकी किल्ली मागितली जाते.

हे सगळे यथासांग झाले आणि सेफ मोडने पिन नाकारून पासवर्ड मागितला. पासवर्ड ठेवला होता पुण्याच्या लेकीने, आणि आमच्याकडे मोबाइलला रेंज येते ती मागच्या परड्यातल्या फणसाखाली, तीही पाऊस थोडा आवरला तर. सौभाग्यवती छत्री घेऊन फणसाखाली उभ्या राहिल्या, लेक तिकडून एकेक अक्षर सांगू लागली आणि या ते पागोळ्यांच्या आवाजावर मात करत माजघरापर्यंत पोहोचवू लागल्या. "कॅपिटल एस! अहो, शहाळ्यातला नव्हे, समुद्रातला!" इंग्रजी एसला दोन्ही सारखेच, हे सांगायला मी पडवीत गेलो, तेव्हा गडग्यापलीकडून शेजारच्या वहिनींनी विचारले, "मगे अ‍ॅट द रेट घातलास काय?" गोपनीयता हा विषय तिथेच निकालात निघाला, पण पासवर्ड बरोबर लागला.

खूण काढली, रीस्टार्ट केले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टँडर्ड साटा एएचसीआय कंट्रोलर' अशी ओळ दिसली. मी विजयी मुद्रेने सौभाग्यवतींना बोलावले. छत्री कोपऱ्यात टेकवून त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. सगळी चित्रे जिथल्या तिथे, हिशेब जिथल्या तिथे.

"मग बदलले काय?" त्या म्हणाल्या, आणि दलालाच्या बिलाची प्रिंट काढायला सांगून आत गेल्या.