१ मेग की १०० के? व्हॉल्यूम कंट्रोलवरच्या आक्षेपाला उत्तर

काका, नमस्कार.

ईसीसी ८३ आणि ईएल ८४ या व्हॉल्व्हवर बांधलेल्या ॲम्प्लिफायरच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात उभी हयात गेली, पण व्हॉल्यूमला ५०० के (५ लाख ओहम) किंवा १ मेग (१० लाख ओहम) चाच पॉट, म्हणजे नॉबने फिरणारा रेझिस्टर, पाहिला. मी सांगितलेला १०० के हा ट्रान्झिस्टरवाल्यांचा आकडा. तो लावला की सिग्नल दबणार, बास जाणार आणि नवी पोरं माझं वाचून पैसे वाया घालवणार. या शेवटच्या वाक्यामुळे सविस्तर लिहितो आहे. उद्यमनगरातून ॲल्युमिनियमची चासी वाकवून आणून हे बांधायला बसलेली मुलं खरंच आहेत, आणि त्यांचा पैसा मलाही महत्त्वाचा वाटतो.

तुम्ही पाहिलेला १ मेग त्या जागी अगदी बरोबर होता. तेव्हा रेडिओच्या मागच्या पिकअपच्या सॉकेटला रेकॉर्ड प्लेअरचा क्रिस्टल पिकअप लागायचा. तो विजेच्या दृष्टीने जेमतेम ५०० ते १००० पिकोफॅरडचा कंडेन्सर असतो. ८०० धरा आणि त्याला १०० के चा लोड द्या: सुमारे २००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागेल. म्हणजे बासच काय, गाणाऱ्याचा आवाजही पातळ होईल. १ मेगवर तीच सीमा २०० हर्ट्झवर येते. रेडिओ लावला तरी व्हॉल्यूम कंट्रोल बहुधा डिटेक्टर डायोडचाच, म्हणजे स्टेशनच्या सिग्नलमधून आवाज वेगळा काढणाऱ्या भागाचाच, लोड असायचा. तिथे कमी किंमत घातली तर त्याआधीच्या आयएफच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) कॉइलवर भार येऊन स्टेशनं मंदावायची. तुमचा अनुभव या दोन कारणांवर उभा आहे.

माझ्या ॲम्प्लिफायरला मात्र मोबाईल किंवा सीडी प्लेअर जोडायचा आहे. त्यांचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला आतून होणारा अडथळा, साधारण १ के च्या आतच असतो. ६०० ओहमच्या पुढे १०० के लावला तर सिग्नलची घट एक टक्काही होत नाही. बासची काळजी त्यांच्या आउटपुटच्या कंडेन्सरमुळे असते. तो १ मायक्रोफॅरड जरी असला तरी १०० के वर सीमा दीड हर्ट्झच्या आसपास येते. कानाला ती कळणार नाही.

आता पॉटच्या पुढे काय आहे ते बघू, कारण मी १ मेग नाकारला तो इथे. ईसीसी ८३ चा ग्रिड, म्हणजे सिग्नल जिथे आत जातो ती जाळी, ही नुसती उघडी वायर नव्हे. ग्रिड आणि प्लेट (जिथून वाढलेला सिग्नल बाहेर पडतो) यांच्यामधली कपॅसिटी १.६ पिकोफॅरडच असते, पण स्टेजचा गेन, म्हणजे सिग्नल वाढण्याची पट, ६० च्या आसपास असल्यामुळे ग्रिडला ती साठपटीने, म्हणजे जवळजवळ १०० पिकोफॅरड भासते. हा मिलर इफेक्ट. त्यात सॉकेट, वायरिंग आणि पुढच्या पॅनेलवरून मागे आणलेली शिल्डेड वायर मिळवली की १५० सहज होतात. पॉटच्या वायपरचा, म्हणजे नॉबबरोबर सरकणाऱ्या टोकाचा, इम्पीडन्स सर्वांत जास्त कधी? सिग्नल निम्मा असताना, आणि तो पॉटच्या किमतीच्या पावपट असतो. १ मेगला तो २५० के, म्हणजे १५० पिकोफॅरडबरोबर सुमारे ४२०० हर्ट्झपासून ट्रेबल गळायला लागतो. १०० के ला तीच सीमा ४२ हजारांवर जाते. शिवाय वाईट हे, की १ मेगवर आवाज कमीजास्त केला की नादही बदलतो. घुंगरू पूर्ण आवाजाला लखलखतात आणि जरा खाली आणलं की बोथट होतात. मला हे अजिबात सहन होत नाही.

यावर विश्वास ठेवायला माझा शब्द नको. वायपर आणि ग्रिडच्या मध्ये २२० के चा रेझिस्टर टाकून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून लावणी ऐका, मग रेझिस्टर शॉर्ट करून तीच ऐका.

हे सगळं पॉट अगदी इनपुटला आहे म्हणून. तो पहिल्या स्टेजनंतर, प्लेटच्या कपलिंग कंडेन्सरपुढे लावणार असाल तर माझा आकडा उचलू नका. तिथे मागचा इम्पीडन्स ४० के च्या घरात असतो, १०० के त्याला दाबेल, आणि कंडेन्सर ०.०२२ मायक्रोफॅरडचा असला तर बासही कापला जाईल. तिथे ५०० के च हवा. कागदावर दोन्हीकडे चिन्ह एकच असल्याने पुष्कळांची गफलत होते, म्हणून मूळ लेखातही ही ओळ ठळक करतो आहे.

पावसाळ्याचंही सांगतो, कारण कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पॉटच्या आतल्या कार्बनच्या ट्रॅकवर दमट हवेचा मारा असतो. वायपर क्षणभर सुटला तर ग्रिड अधांतरी राहतो आणि स्पीकरमध्ये धाडकन आवाज येतो. म्हणून ग्रिडपासून अर्थला १ मेगचा रेझिस्टर कायम ठेवायचा आणि वायपर ते ग्रिड ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, म्हणजे ग्रिडचा करंट ट्रॅकमधून जाऊन होणारी खरखरही थांबते. १०० के च्या पॉटला हा १ मेग जाणवतही नाही. १ मेगच्या पॉटची मात्र चाल, म्हणजे नॉब फिरवताना आवाज वाढण्याची रीत, बिघडवतो.

पॉट लॉगच घ्या, म्हणजे सुरुवातीला हळू आणि पुढे झपाट्याने वाढणारा; लिनियर सगळीकडे सारखा वाढतो. जपानी पद्धतीच्या पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनियर. दुकानात लॉग मिळाला नाही तर १०० के लिनियर घेऊन वायपर ते अर्थ १२ के लावा, चाल बरीचशी लॉगसारखी होते. पूर्ण आवाजाला लोड ११ के च्या खाली उतरतो, पण मोबाईल तो सहज पेलतो.

तुमच्याकडे क्रिस्टल पिकअपचा प्लेअर अजून चालू असेल, तर त्यासाठी १ मेगच ठेवा. फक्त पॉट पुढच्या पॅनेलवर न घेता व्हॉल्व्हच्या सॉकेटशेजारी बसवा आणि लांब दांड्याने नॉब पुढे आणा. शिल्डेड वायरची कपॅसिटी तेवढी वाचेल.