वडगाव, पण कोणतं?

पुण्यात घर कुठेही घ्यावं, वडगावात घेऊ नये. ज्या वडगावात घ्याल ते सोडून माणसं बरोबर दुसऱ्या वडगावात जातात. आमचं वडगाव बुद्रुक, सिंहगड रस्त्याचं. वडगाव शेरी नगर रस्त्याला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणखी एक मावळात. शेजारी वडगाव खुर्द आहेच, पण तो भाऊबंदकीतला मामला.

असल्याच घोळावर उतारा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी. सहा अंकांत देश बसवला, एक मात्रा जास्त नाही. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४११ म्हटलं की पत्र पुण्यात. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या पोस्टाचे. सदाशिव पेठेचा जुना टपाल-क्रमांक 'पुणे ३०'सुद्धा मोडला नाही, ४११०३० च्या शेपटाला तसाच ठेवला. सदाशिव पेठेच्या वाटेला जायची सरकारचीही छाती झाली नसावी.

तर मावळचा पिन ४१२१०६, आमचा ४११०४१ आणि शेरीचा ४११०१४. पुन्हा वाचा. शेवटचे दोन अंक फक्त उलटे! दोन वडगावं, मध्ये अख्खं पुणे, आणि फरक एवढाच. टाइप करणाऱ्याला चहा मिळाला नसेल त्या दिवशी आमची ऑनलाइन मागवलेली चादर नगर रस्त्याला मुक्कामाला.

मग पार्सलवाल्या पोराचा फोन येतो. "काका, गेटवर उभाय, खाली या."

खाली वॉचमन आणि त्याचं कुत्रं. मी रस्त्याकडे बघून हात हलवतो, तिकडे तोही कुणाला तरी हलवत असतो.

"अहो, पिनकोड बघा की. शून्य चार एक!"

"पिनकोड कोण बघतंय काका? लोकेशन टाका."

कोणी बघणार नसेल तर फॉर्ममध्ये त्याच रकान्याला लाल चांदणी कशाला? घर नंबर नसला तरी चालतो, पिन नसेल तर पुढे जाऊ देत नाहीत. आणि खरं सांगायचं तर तो आपल्या घराचा नंबर नसतोच, पोस्टाचा असतो. तिथून पुढे पोस्टमनची ओळख कामाला येते. आमच्या पोस्टमनला नुसतं आडनाव पुरतं. तो कधी चुकला नाही, पण तो चादरी आणत नाही.

२०२५ साली टपाल खात्याने डिजिपिन आणला. दहा अक्षरं-अंक, आणि प्रत्येक डिजिपिन म्हणजे साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन. आमच्या हॉलचा वेगळा, स्वयंपाकघराचा वेगळा. मी हरखलोच. पण त्यात मजला धरलेला नाही. म्हणजे आमचा आणि बरोबर वरच्या घरातल्या गृहस्थांचा डिजिपिन एकच. आणि हे गृहस्थ दारात आलेलं पार्सल आधी उघडतात, नाव मग वाचतात.